लाभ आणि दोनच्या मधात

तेजराम डोंगरेच्या तोंडातला आकडा आजवर कोणी पाडला नव्हता. सिहोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि ज्याला माहीत नसेल त्याला तेजराम स्वतः गाठून सांगत असे.

तो धान मोजायचा. कापणीची मजुरी तिकडे खळ्यावर धानातच मिळते आणि ती मोजायला कुडो लागतो. कुडो म्हणजे रुंद तोंडाचं लोखंडी माप. असे वीस ओतले की एक खंडी. काम दिसायला सोपं. कुडो भरायचा, मजुराच्या पोत्यात ओतायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. पण त्याला दोन नियम होते. पहिला कुडो ओतला की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. एक म्हटलं तर धान एकटं पडते, असं जुनी माणसं सांगत. तेजराम बुद्धाला मानणारा, देवाधर्माच्या भानगडी ऐकल्या की त्याच्या कपाळाची शीर उडायची. पण लाभ त्यानं सोडला नाही. कोणी टोकलंच तर म्हणे, "देव कोठी हाये त्याच्यात? मजुराले लाभ झाला पायजे, म्हून लाभ."

दुसरा नियम जास्त कडक. पुढचा कुडो ओतला जात नाही तोवर मागचा आकडा तोंडातून खाली ठेवायचा नाही. "लाभऽ, लाभ, लाभ, लाभ..." इकडे कुडो भरतोय, सपाट होतोय, उचलला जातोय, आणि सर्रकन धान पोत्यात पडलं की मगच, "दोनऽ, दोन, दोन..." मोजणारा बदलेल, खळं बदलेल, आकडा हवेत लटकता राहिला पाहिजे.

ज्याला ही गंमत वाटते त्यानं तेजरामच्या आधीचे दिवस आठवावेत. तेव्हा कुडो मालकाच्या माणसाच्या हातात असायचा. आठ, नऊ म्हणता म्हणता तो तंबाखू थुंकायला वळायचा, मालकाला दोन शब्द बोलायचा आणि परत आला की थेट अकरा. दहावा कुडो तंबाखूसोबत गेला. दिवसभर वाकून कंबर मोडलेली बाई तोंड उघडायला गेली तर वरून, "तुले मोजता येते का वं?" असंच एकदा तेजरामच्या आईचा दहावा गिळला गेला. तेव्हा मिसरूड फुटलेल्या तेजरामनं पुढे होऊन त्या माणसाच्या हातातला कुडो हिसकला आणि म्हणाला, "मले येते." त्या दिवसापासून कुडो त्याच्याकडे.

त्याचा आकडा पाडायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. पोरं बाजूला उभी राहून मुद्दाम उलटसुलट आकडे ओरडायची. एकदा खळ्यात डोम्या नाग निघाला, माणसं पळाली, बैलं बिथरली, आणि तेजराम एका जागी उभा, "अठरा, अठरा, अठरा." नाग कंटाळून निघून गेला तेव्हा त्यानं एकोणिसावा ओतला. पोरगी झाल्याचा निरोप आला तोही मोजणी चालू असताना. "चौदा, चौदा, पोरगी का, चौदा, बाई बरी हाये ना, चौदा." त्याची बायको मंगलाबाई आजही हे भांडणात काढते.

आता अशा माणसाच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघावेत! धानात एक खडा सापडला तर मालकाच्या सात पिढ्या काढणारा हा गडी, आणि तुमसरच्या सोनोग्राफीवाल्यानं सांगितलं, खडे आहेत. तेजराम चिडला. "कोनं टाकले?"

"पोटातच तयार होतात," तो म्हणाला. "काढून टाका. पिशवीत पू झाला तर जिवावर बेतेल. भंडाऱ्याला जा, दुर्बिणीनं काढतात, पण पूर्ण भूल द्यावी लागते."

ही बातमी घरी पोचायच्या आधी चौकातल्या चहाच्या टपरीवर पोचली. तिथं वासुदेवराव बसले होते. तळ्याखालची सगळ्यात मोठी बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, त्यांची. त्यांनी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता आणि मजुरीही त्याच्यावरच द्यायची असं त्यांच्या मनात होतं. पण कापणीच्या बायका ऐकत नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काट्याचा आकडा दिसते, पण ऐकू येत नाही, ज्याला दिसते तो मालकाकडून उभा असते. तेव्हा वासुदेवरावांनी दुसरी वाट काढली. काटा नको तर नको, पण कुडो आपल्या पुतण्याच्या, चंद्रकुमारच्या हाती यावा.

"तेजराम," ते बशीत चहा ओतत म्हणाले, "आता तुह्यं वय झालं गा. पोट धरून चालतं. यंदा चंद्रकुमारले दे कुडो. तुह्या आकडा मधातच पडला तर कसं होईन?"

झालं. पोटात कळ, त्यात हे.

"माह्या आकडा? पडला का कधी?"

"आजवर नाई पडला. पन भंडाऱ्याले पडते. भूल देतानी मोजाले लावतेत. माह्या ऑपरेशनले मलेबी लावलं होतं. मी चारावर आडवा झालो. चांगला शिकलेला मानूस मी."

"तुमी चारावर पडले म्हून मी पडन काय?"

"सारेच पडतेत बाबू. इंजेक्शन हाये ते, नाग नोहे."

टपरीवर माणसं हसली. तेजरामच्या कपाळाची शीर उडाली आणि त्यानं जे बोलायला नको होतं ते उभं राहून, चार लोकांत, टेबलावर हात आपटून बोलून टाकलं:

"ज्या दिवशी माह्या तोंडातला आकडा पडन, त्या दिवशी कुडो तुमच्या चंद्रकुमारच्या हातात!"

"भंडाऱ्यात पडला तरी?"

"भंडाऱ्यात काय, दिल्लीत पडला तरी!"

वासुदेवरावांनी बशी रिकामी केली, शांतपणे. "आयकलं ना गा सारेयनं?"

घरी येईपर्यंत तेजरामचा राग उतरला आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. त्यानं सरळ जाहीर केलं की ऑपरेशन करायचं नाही. खडे त्याचे, पोट त्याचं, डॉक्टरच्या बापाचं काय जाते?

मंगलाबाईनं कपाळाला हात लावला. "अजी, जीव मोठा का आकडा?"

"तुले नाई समजाचं."

"मले समजते सारं. पोरीच्या टायमाले बी चौदाच मोठे होते!"

दोन रात्री तो कण्हत पडला. तिसऱ्या दिवशी रत्नमाला आली. कापणीच्या बायकांची टोळी तिच्या शब्दावर चाले. तिला गोडगोड बोलायची सवय नव्हती. दारातूनच म्हणाली, "तेजरामभाऊ, तुमी मेले तर कुडो कोनाकडं जाईन?"

"चंद्रकुमारकडं," तेजराम कण्हला.

"अन् ऑपरेशनात आकडा पडला तर?"

"चंद्रकुमारकडं."

"मंग जिते राहून हरा ना! मेल्यावर खळ्यावर भांडाले कोन येईन? उठा."

तो उठला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात चिठ्ठी काढायची रांग, रक्त तपासायची रांग, कार्डावर शिक्का मारायची रांग, आणि प्रत्येक रांगेत कोणीतरी मधूनच घुसणारं. तेजरामनं तीन जणांना मागे काढलं, एका पांढऱ्या कपड्यातल्या पुढाऱ्याशी भांडला आणि शेवटी भुलीच्या डॉक्टरपुढे बसला. त्यांचं नाव तृप्ती. वयानं त्याच्या पोरीएवढ्या, पण नजर अशी की समोरचा आपोआप सरळ बसे.

"काका, त्या काट्यावर उभे राहा."

तेजरामनं काटा बघितला. इलेक्ट्रॉनिक. लाल आकडे. "कायले?"

"भुलीचं औषध वजनावर ठरतं."

"म्हणजे तुमीबी काटावाल्याच!"

मंगलाबाईनं त्याला ढकलून काट्यावर चढवलं. उतरल्यावर त्याची चौकशी सुरू झाली. औषध कसं असते, कोठून जाते, किती देता. डॉक्टरबाईंना घाई होती, पण असा रोगी रोज मिळत नाही. त्यांनी एक कुपी उचलून दाखवली. "हे प्रोपोफॉल. शिरेतून देतो."

कुपीत दुधासारखं पांढरंशुभ्र काहीतरी होतं. तेजराम वाकून बघू लागला. "दूध हाये का?"

"दूध नाही. औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून सोयाबीनच्या तेलात मिसळतात. अंड्यातल्या बलकातला एक भागही असतो त्यात."

"तेल, अंडा!" तेजराम बायकोकडे वळला. "जेवनच झालं हे! अन् मले म्हणतेत उपाशी येजो."

"अन् ह्या भुलीत मानूस बडबडते का?" मंगलाबाईनं मधेच विचारलं. तिला कारण होतं. तिच्या नसबंदीच्या शिबिरात तिला कसलंसं इंजेक्शन दिलं होतं; डोळे टक्क उघडे ठेवून तिनं सासूला अशा अशा शिव्या घातल्या होत्या की गावच्या तीन बायका त्या पाठ करून आल्या. सासू पायथ्याशीच बसली होती.

डॉक्टरबाई हसल्या. "ते वेगळं. केटामाइन असेल. त्यानं दुखणं कळत नाही, पण माणूस डोळे उघडे ठेवून स्वप्नं बघतो. यानं तसं होत नाही. हातात थोडं जळजळेल आणि झोप लागेल. दुखू नये म्हणून आणखी एक औषध, अंग सैल पडायला आणखी एक. त्याआधी एक छोटं इंजेक्शन देते, म्हणजे भीती वाटत नाही आणि नंतर काही आठवतही नाही."

"काय आठवत नाई?" तेजराम उभाच राहिला. "ते नोका देऊ! आकडा आठवला पायजे."

मग सगळी हकीकत निघाली. टपरी, वासुदेवराव, कुडो, दहावं माप, सगळं. डॉक्टरबाईंनी हात बांधून ऐकलं. "बरं, ते छोटं नाही देत. पण सांगून ठेवते काका, माझ्या टेबलावर दहाच्या पुढे कोणी गेलेलं मी पाहिलं नाही."

"मंग थोडं कमी द्या ना. शीग नोका लावू, सपाट मारा."

"म्हणजे?"

त्यानं हातानं दाखवलं. मापावर धानाचा ढीग चढवला तर शीग. वरून हात फिरवला तर सपाट.

"कमी दिलं आणि पोटात दुर्बीण असताना जाग आली तर?"

तेजराम खरंच विचार करू लागला, तेव्हा मंगलाबाईचा संयम सुटला. "द्या म्याडम, शीग लावून द्या! दोन शीगा द्या! ह्या मानसाचं तोंड एक दिवस तरी बंद राहू द्या!"

साक्षीदार कोण, हा प्रश्न मात्र वासुदेवरावांनी आधीच सोडवला होता. ऑपरेशन थिएटरात बेबीबाई नावाची आया होती, बपेरा गावची. सिहोऱ्यात तिचं येणंजाणं, दोन्हीकडच्यांना ओळखायची आणि दोन्हीकडच्यांना फाडून खायची. वासुदेवरावांनी तिला फोन केला, तेजरामनं हात जोडले. बेबीबाईनं दोघांनाही एकच ऐकवलं: "जे दिसन ते सांगन. पन सांगन ते दोघायच्या समोर, खळ्यावर. एकट्याले सांगतलं तर दुसरा म्हणन, बेबी फिरली."

थिएटरात गारठा होता. वर मोठा दिवा. तेजरामला टेबलावर आडवं केलं, हाताला सुई आधीच होती, तोंडापुढे मास्क आला. कोपऱ्यात बेबीबाई पदर खोचून उभी. तिच्याकडे बघून त्याला जरा धीर आला.

"चला काका," डॉक्टरबाईंचा आवाज आला. "सुरू करते. मोजा."

हाताच्या शिरेतून काहीतरी जळत वर सरकलं, मिरचीच्या हातानं कोणी नस चोळावी तसं. तेजरामनं जबडा घट्ट केला आणि खळ्यावर म्हणायचा त्याच आवाजात सुरू केलं, "लाभऽ..."

आणि तेवढंच.

डोळे उघडले तेव्हा तो वॉर्डात होता. घसा खरखरत होता, पोटाला पट्ट्या, आणि मंगलाबाई उशाशी बसून रडल्यासारखी हसत होती. मध्ये काहीच नव्हतं. स्वप्न नाही, काळोख नाही, कूस बदलल्याची आठवण नाही. कोणीतरी दिवसातून एक तुकडा कापून नेला होता आणि दोन्ही टोकं जोडून दिली होती.

"कितीवर पडलो?" त्यानं विचारलं.

"खडे निघाले सारे. डॉक्टर म्हणे..."

"खड्यायले जाऊ दे! आकडा कितीवर पडला?"

तिला काय माहीत? डॉक्टरबाई फेरीवर आल्या तेव्हा त्यानं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, मी त्या वेळी तुमचा श्वास बघत होते, आकडे नाही. बेबीबाईंना विचारा." बेबीबाईनं मान हलवली. "खळ्यावर."

तेजराम भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला आठवत होता फक्त लाभ. दोन आठवत नव्हते, तीन आठवत नव्हते. म्हणजे हिशेब सरळ होता. वासुदेवराव चारावर पडले होते, हा पहिल्याच कुडोला आडवा झाला. नागापुढे न हललेला गडी चमचाभर सोयाबीनच्या तेलात बुडाला.

घरी आल्यावर एका सकाळी मंगलाबाई पाहते तर तो अंगणात बसून कुडो घासतोय. चिंचेनं घासला, धुतला, फडक्यानं पुसला. दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू माणूस स्वच्छ करून देतो, एवढं तिला कळत होतं. ती आत गेली आणि भांडी उगाच आपटत बसली.

मोजणीच्या दिवशी वासुदेवरावांच्या खळ्यावर अर्धं गाव जमलं. धानाची रास लागली होती. रत्नमालेची टोळी पोती घेऊन बसलेली, पण एरवीसारखा कलकलाट नव्हता. चंद्रकुमार नवा शर्ट घालून आला होता. तेजराम मंगलाबाईचा आधार घेत आला, कुडो राशीपुढे ठेवला आणि बाजूला झाला. म्हणाला, "घ्या."

"थांबा ना," बेबीबाई म्हणाली. ती सुट्टी काढून बपेऱ्याला निघाली होती, मध्येच उतरलेली. "मी का इथं धान खाले आली? माह्यं तर आयका."

"सांग, सांग," वासुदेवराव खुर्चीत रेलले.

"ह्याच्या हातात ते पांढरं गेलं. हा म्हणे, लाभ. मंग पुन्हा लाभ. लाभ, लाभ, लाभ, तेच धरून बसला. म्याडम म्हणे, काका, पुढचा आकडा म्हणा. तं हा मास्कातून म्हणते, 'ओता, मंग म्हणतो.' "

खळ्यावर कोणीतरी फस्सकन हसलं. तेजरामनं मान वर केली. हे त्याला आठवत नव्हतं, पण असं बोलणारा माणूस त्याच्या ओळखीचा होता.

"मंग?" वासुदेवराव म्हणाले.

"मंग झोपला."

"झालं! लाभावरच पडला! चंद्रकुमार, उचल कुडो."

"अजी, मानूस आपरेशन होऊन उठते बी ना!" बेबीबाई कडाडली. "माह्यं झालं नाई अजून. पोट शिवून झालं. म्याडम ह्याच्या गालावर थापट्या मारून राहिल्या, तेजरामकाका, डोळे उघडा. हा काई उघडे ना. तिकडून मोठ्या डॉक्टरनं पिशवी कापली अन् नातेवाइकायले दाखवाले खडे स्टीलच्या ट्रेमधी ओतले. सर्रकन आवाज झाला." ती थांबली. तिला थांबायचं कुठे ते बरोबर कळायचं. "आवाज झाला अन् हा डोळे मिटूनच म्हणे, 'दोऽन.' "

रेललेले वासुदेवराव सरळ झाले.

"म्याडम घाबरल्या," बेबीबाई म्हणाली. "मले म्हणे, दोन काय? मी म्हटलं, दुसरा कुडो."

मग जो हशा उठला तो बांधीपलीकडच्या तळ्यापर्यंत गेला असेल. तेजराम मात्र हसला नाही. तो राशीकडे बघत ओठ हलवत होता. लाभ. दोन. मध्ये काही गळलं नव्हतं. पोट फाडून शिवून झालं तरी आकडा हवेत लटकूनच होता.

वासुदेवराव खुर्चीतून पुढे आले. "असं कसं चालन? मधात झोपला होता ना हा!"

रत्नमाला उठली. "झोपला तं झोपला. तुमचा जुना मोजनारा टक्क जागा राहून नवावरून अकराले जाय. हा झोपून बी लाभावरून दोनले गेला. कोनाचा आकडा पडला, सांगा."

वासुदेवरावांनी चार माणसांकडे बघितलं. टपरीवर शब्द ज्यांच्यासमोर घेतला ती हीच माणसं होती, आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. ते पुन्हा रेलले. "मोजा बापा, मोजा. ऊन होऊन राहिलं."

तेजराम छाती काढून पुढे झाला आणि कुडोला हात घालणार तोच मंगलाबाईनं त्याचा सदरा मागून ओढला. "वजन उचलाचं नाई! डॉक्टरनं सांगतलं."

आता आली पंचाईत. आकडा तेजरामचा, पण कुडो कोण उचलणार? तेजरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर नव्या शर्टावर थांबली.

"ये गा चंद्रकुमार. तुह्या हाती कुडो देतो म्हटलं होतं ना काकाले? घे."

वासुदेवरावांची खुर्ची तेजरामला मिळाली. चंद्रकुमारनं बाह्या वर केल्या, कुडो भरला, हात फिरवून सपाट केला आणि पहिल्या पोत्यात ओतला. तेजरामचा आवाज घशातून खरखरतच निघाला, पण निघाला. "लाभऽ..."

पोरगं चिडलेलं होतं. दुसरा कुडो भरून त्यानं मुद्दाम हातात धरून ठेवला. शर्ट झटकला, घाम पुसला, आभाळाकडे पाहिलं. बघू म्हाताऱ्याचा दम.

"लाभ, लाभ, लाभ, लाभ..." तेजराम डोळे अर्धे मिटून खुर्चीत आरामात मागे टेकला. त्याला घाई नव्हती.

"ओत ना रे पोट्ट्या!" मंगलाबाई ओरडली. "नाई तं हा मानूस पुन्हा झोपन!"